चार वाद्ये आणि एक आई

१८ ऑगस्ट, रविवार

सकाळी नाथाच्या देवळात जाऊन आलो. शरीर इथे कुंडल गावात, मन अजून सांगलीत.

काल मुजीबच्या टेम्पोतून गेलो होतो. मुजीब आमच्या गावचा साउंडवाला. लग्न, वाढदिवस, मिरवणूक, सभा, कशालाही त्याचेच बॉक्स. सांगलीत एका छोट्या हॉलमध्ये दोन माइक लावायचे होते आणि टेम्पोत मागे सामान धरून बसायला माणूस नव्हता. मी म्हणालो, मी येतो. आज विचार केल्यावर कळतं, मी गेलो नव्हतो. मला पाठवण्यात आलं होतं.

कार्यक्रम ‘चेंबर म्युझिक’चा. म्हणजे मोठं स्टेज नाही, वादक थोडे, श्रोते थोडे. श्रोते जरा जास्तच थोडे होते. एक व्हायोलिन, एक चेलो (मोठं व्हायोलिन, मांड्यांत धरून वाजवतात), एक बासरी आणि एक बाई. बाई गात नव्हती. बोलतही नव्हती. बोलण्याचे तुकडे करत होती. ‘क्’ म्हणायची आणि थांबायची. मग नुसता श्वास. मग ‘त्, त्, त्’. लगेच चेलोही तसाच खरखरायचा. मुजीब माझ्या कानात म्हणाला, मास्तर, बाईला बरं वाटत न्हाई जनू, पानी देऊ का? मी त्याला गप्प केलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

कार्यक्रम ठेवणाऱ्या राजनंदिनी मॅडमना नंतर भेटलो. त्या म्हणाल्या, बोलण्यातला अर्थ काढून घेतला की उरतं ते संगीत. आणि म्हणाल्या, तुम्हीही करून बघा, पाठवा आम्हाला, एक डिसेंबरला पुढची बैठक आहे.

म्हणजे काम मला दिलं गेलं आहे.

हायस्कुलात मी प्रयोगशाळा सहायक. प्रार्थनेला पेटी वाजवतो. गुरुवारी भजनी मंडळात पेटी वाजवतो. वय पन्नासच्या उंबरठ्यावर. आजवर दुसऱ्यांच्या मागेच सूर धरला. आता पुरे.

संकल्प : रोज पहाटे रियाझ. चहा एकच. मोबाइल फक्त रेकॉर्डिंगसाठी.

२१ ऑगस्ट, सकाळ

संकल्प आजपासून. मधले दिवस तयारीत धरावेत.

कच्चा माल हवा. आधी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं. ऐकल्यावर मुख्याध्यापकांसारखं वाटलं. काढून टाकलं. मग राजेश्वरीचं. बायको म्हणून सांगत नाही, पण तिच्या बोलण्यात कापायला जागाच नाही. एक वाक्य संपायच्या आत दुसरं लागलेलं असतं, आणि सगळ्यांत माझं नाव.

चहा तीन.

२५ ऑगस्ट, रविवार

सापडलं. घरातच होतं.

दुपारी आई दुधात भाकरी कुस्करून खात होती. मी पेटीचा भाता पुसत बसलो होतो. एकदम कानावर आलं. ‘प्’. मग ‘फ्फ्’. मग ओठ आत ओढून घेतल्याचा एक आवाज, ज्याला आपल्या बाराखडीत अक्षर नाही. अंगावर काटा आला.

आईचे उरलेसुरले दात आषाढात काढले. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, हिरड्या सुकू द्या, मग माप घेऊन कवळी बसवू. आईचं एकच म्हणणं, म्हसवडच्या रथयात्रेच्या आधी कवळी तोंडात पाहिजे. म्हसवड तिचं माहेर. रथाला सगळी भावकी गोळा होते. आईची भावजय आईपेक्षा मोठी आणि तिचे सगळे दात शाबूत. मागच्या वर्षी तिने सगळ्यांसमोर शेंगा फोडून फोडून खाल्ल्या आणि आईला म्हणाली, साळू, तुला कूट करून देऊ का गं? हे आई विसरलेली नाही. तेव्हा आईचे चार तरी होते.

रथ दोन डिसेंबरला. वेळ आहे.

विचार करत बसलो. त, थ, द यांना दात लागतात. ते गेले. राहिले प, फ, ब, भ, म. व्याकरणात यांना ओष्ठ्य म्हणतात. तान्हं पोरही आधी हीच अक्षरं काढतं. म्हणजे माणूस म्हातारपणी जिथून निघाला तिथे परत येतो. केवढी गोष्ट! आणि ती आमच्या स्वयंपाकघरात दूधभाकरी खात बसली होती.

कलाकृतीचं नाव ठरलं : ‘ओष्ठ्य’. चार वाद्ये आणि एक आई.

१ सप्टेंबर, रविवार

आज आईला मिरजेला न्यायचं होतं. नेलं नाही. आकाश भरून आलं होतं. (पडला नाही, पण पडू शकला असता.)

त्याऐवजी रेकॉर्डिंग. मोबाइल परातीला टेकवून ठेवला. आईने पाहिला. तिला वाटलं मी कुणाशी तरी व्हिडिओवर बोलतोय आणि फोन देतोय. ती फोनला म्हणाली, बरं हायसा न्हवं? पोरं बरी हायती? मग उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही तर म्हणाली, रेंज न्हाई वाटतं, आणि परत पहिल्यापासून सगळं मोठ्याने विचारलं.

‘बरं’ मधला ‘ब’ अप्रतिम आला. पिशवी फुटल्यासारखा.

९ सप्टेंबर

गणपतीत मुजीबला वेळ नाही, तरी मोबाइल घेऊन त्याच्याकडे गेलो. तुकडे कापून ओळीने लावायचं त्याच्या लॅपटॉपवर होतं. तो म्हणाला, हे तर दोन मिंटाचं काम. दोन मिनिटांत त्याने आईच्या ‘फ्फ्’ खाली ढोल घातला. मी म्हणालो, ढोल नको. तो म्हणाला, ढोल न्हाई, बीट हाय. मी म्हणालो, बीट पण नको. तो म्हणाला, मग लोक नाचनार कशावर? मी म्हणालो, नाचायचं नाही. त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. म्हणाला, मास्तर, दुखवट्याचं हाय का काय?

शेवटी मला हवं तसं करून दिलं. पण फाइलला नाव दिलं : ‘आजी मिक्स फायनल’.

नैवेद्याच्या मोदकाचं फक्त सारण आईने खाल्लं. म्हणाली, गनपती झालं की जाऊ न्हवं रं मिरजंला? म्हणालो, झालं की.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मंडळात तालीम ठेवली. चार वाद्ये म्हणजे माझी पेटी, पखवाज, टाळ आणि एक चिपळी. व्हायोलिन, चेलो आपल्याकडे कोण देणार? मूळ कल्पनेला धक्का लागत नाही.

मंडळाचे प्रमुख लालासाहेब. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. टाळ वाजवतात आणि समेवर ‘हुश्शार’ उभे असल्यासारखे बसतात. मी समजावलं : कुणीही शब्द म्हणायचा नाही. मी बोट वर केलं की डावीकडच्यांनी ‘प्’, खाली केलं की उजवीकडच्यांनी ‘फ्फ्’. मध्ये शांतता. लालासाहेब म्हणाले, अभंग कुनाचा म्हनायचा ह्यो? मी म्हणालो, कुणाचाच नाही. ते म्हणाले, मग टाळ कवा वाजवायचा? मी म्हणालो, आतून वाटेल तेव्हा. म्हणाले, फौजंत तीस वर्सं काढली, आतनं वाटून कवा काय केलं न्हाई.

सुरुवात चांगली झाली. ‘प्’. शांतता. ‘फ्फ्’. शांतता. तेवढ्यात पखवाजवाल्याला शांतता सोसली नाही आणि त्याने ठेका धरला. ठेका धरल्यावर टाळ आले. टाळ आल्यावर ‘प्’ला चाल लागली. थोड्याच वेळात सगळे डोळे मिटून ‘प् प् फ्फ् प्’ असं रंगात येऊन म्हणत होते, आणि दारात बसलेल्या दोन बायकांनी हात जोडले. शेवटी मंडळाने सवयीने ‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं’ केलं आणि प्रसाद वाटला.

चालायचं. नामजपातही शेवटी अर्थ कुठे उरतो? नादच उरतो. मग मी वेगळं काय करतोय?

निघताना लालासाहेब बाजूला घेऊन म्हणाले, ज्ञानू, आमी काय अडानी न्हाई. ही म्हातारीची नक्कल हाय. लय हुबेहूब हाय गड्या. पर ह्यापरीस तिला दात घे.

त्यांना कल्पना समजली नाही. सुभेदारांकडून अपेक्षाही नव्हती.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

आईचा नऊ दिवस उपास. खिचडीचा साबुदाणा चावत नाही, म्हणून दूध आणि केळं. गेले पंधरवडाभर पितृपक्ष होता, त्यात नवं काही करू नये म्हणून मिरज झाली नाही. (आई म्हणाली, कवळी काय वास्तुशांत हाय व्हय रं? पण शास्त्र ते शास्त्र.)

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. ‘म’ अजून मिळालेला नाही. शेवट ‘म’वर करायचा आहे. ओंकाराचाही शेवट तोच. आईचा ‘म’ दिवसेंदिवस पिकत चाललाय. एकदा कवळी बसली की सगळे आवाज सरळ होतील, शाळेत शिकवल्यासारखे. अशी म्हातारी मग आणायची कुठून?

राजेश्वरी म्हणाली, आवं, तुमी आत्याबाईंच्या तोंडाकडं असं काय टक लावून बघताय, त्यांना घास गिळंना.

१३ ऑक्टोबर, रविवार

मन द्विधा. म्हणून नाथाला कौल लावला.

गुरव म्हणाला, मागनं काय हाय ते सांगा. मी म्हणालो, मनात धरलंय. त्याने देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी मनात म्हणालो, देवा, कवळीला एक डिसेंबरपर्यंत थांबलो तर चालेल का?

कळी पडायला वेळ लागला नाही. लावता लावताच पडली. डावी.

देवासमोर मांडी घालून बसलो. मग लक्षात आलं, देव आपल्याकडे तोंड करून बसलेला. त्याची डावी ती माझी उजवी. आणि प्रश्न माझा होता, तेव्हा बाजू माझी धरायची. गुरवाला विचारलं. तो म्हणाला, आमच्या आज्यापासनं देवाचीच बाजू धरत्यात. पण तो परंपरेने बोलला, विचाराने नाही.

तरीही देवाचा मान म्हणून पुढच्या रविवारी आईला मिरजेला नेणार. फक्त मापाला.

२० ऑक्टोबर, रविवार

मिरज. झालं एकदाचं माप.

आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. डॉक्टरांनी गरम मेण तोंडात देऊन चावायला सांगितलं. त्या वेळचा आवाज! मोबाइल खिशातून अर्धा बाहेर काढून धरला होता. डॉक्टर म्हणाले, कुणाचा फोन असेल तर बाहेर जाऊन घ्या. बाहेर काय घेऊ? सगळं आतच होतं.

परतताना एसटीत आई खिडकीशी बसली होती. म्हणाली, रथाच्या दिवशी एक शेंग खानार. एकच. तिच्यासमोर. मी म्हणालो, खा की. म्हणाली, पोटभर न्हाई, एकच. आणि पदर तोंडावर घेऊन हसली.

ते हसणं रेकॉर्ड झालं नाही. बॅटरी गेली होती.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आईने चकली दुधात बुडवून चोखली. आवाजात थोडी करकर, थोडा ओलावा. घेतला.

डॉक्टरांचा फोन येऊन गेला, कवळी तयार आहे, आजींना घेऊन या. घरात बोललो नाही. दिवाळीत धावपळ नको.

४ नोव्हेंबर

एकटाच जाऊन कवळी आणली. डॉक्टरांना सांगितलं, आईचे गुडघे दुखतात, घरी घालून बघतो. ते म्हणाले, टोचलं तर लगेच घेऊन या. आणि उशीर करू नका, हिरड्या बसत जातात, मग माप चुकतं.

घरी आणावी तर आई शोधून काढणार. म्हणून शाळेत नेली. प्रयोगशाळेच्या कपाटात, नादकाट्याच्या (सूर तपासायचा लोखंडी चिमटा) मागे, बीकरमध्ये पाण्यात ठेवली. कुलूप आहे. सुरक्षित. देवघरात ठेवल्यासारखीच.

रोज एकदा कपाट उघडून बघतो. दात छान आहेत. पण त्यांच्याकडे बघितलं की ते माझ्याकडे बघतात असं वाटतं. बीकरवर फडकं टाकलं.

आई विचारते, कवा येनार रं? सांगितलं, मुंबईहून यायचीय. मिरजेहून मुंबई का, हे तिने विचारलं नाही. देवाने तिला असं भोळं ठेवलंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

‘म’ मिळाला!

आई झोपाळ्यावर बसून जोगेश्वरीचं नाव घेत होती. शेवटी ओठ मिटून नुसतंच ‘म्म्’. खाली पडलं नाही, वर गेलं नाही, तिथेच राहिलं. नादकाट्याशी ताडून पाहिलं. नादकाट्याचंच चुकलं.

‘ओष्ठ्य’ पूर्ण. राजनंदिनी मॅडमना पाठवली. त्यांचं उत्तर : ‘छान’ आणि दोन हात जोडलेले. निवड झाली म्हणायची.

आता कवळी द्यायला हरकत नाही. पण निवडणुकीची ड्यूटी लागलीय, उद्यापासून ट्रेनिंग. आल्या आल्या पहिलं काम कवळी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ड्यूटीवरून आलो. कपाट उघडलं. बीकर रिकामं.

विज्ञानाचे विश्वजित सर भेटले. मला बघून मिठीच मारली. म्हणाले, ज्ञानदेवराव, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला पचनसंस्थेचं मॉडेल करत होतो, दातांपाशी अडलो होतो. खडूचे केले, मातीचे केले, काही जमेना. तुमच्या कपाटाची दुसरी किल्ली घेऊन बघतो तर काय! म्हणाले, इतके जिवंत दात शाळेत पडून होते आणि तुम्ही बोलला नाहीत?

मी बोलणार होतो. तोंड उघडलंही. पण सर म्हणाले, तालुक्यात पहिला नंबर आला.

२३ नोव्हेंबर

शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. मध्ये मॉडेल, बाजूला मुख्याध्यापक आणि विश्वजित सर. खाली लिहिलेलं : ‘आपल्या शाळेचे दात तालुक्यात प्रथम. आता जिल्ह्याला.’

राजेश्वरीने तो फोटो आईला दाखवला. मी तिथेच होतो. आईने मोबाइल लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, किती ग्वाड दात हायत. एकसारखं. कुना नशीबवानाचं हायत रं हे?

मी म्हणालो, शाळेचे आहेत.

म्हणाली, माजं आसलंच करायला सांगशील का?

जेवलो नाही.

२६ नोव्हेंबर

ठरवलं, मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगायचं. केबिनमध्ये गेलो. ते कुणाशी तरी फोनवर बोलत होते, आमचे सहायक ज्ञानदेवराव यांनी स्वखुशीने दिलेलं साहित्य. मला बघून हाताने बसा म्हणाले. फोन ठेवून म्हणाले, तुमचा सत्कार ठेवलाय. शाल घेतली की बोला काय ते.

शाल घेतली. नंतर बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

नवा प्लॅन, आणि हा पक्का आहे : जिल्ह्याचं प्रदर्शन सांगलीतच, एक डिसेंबरला उघडं आहे. माझी बैठकही त्याच दिवशी सांगलीत. सकाळी प्रदर्शनात जायचं, विश्वजित सरांना बाजूला घेऊन कवळी सोडवायची, खडूची बसवायची. संध्याकाळी ‘ओष्ठ्य’. पहाटेच्या गाडीने म्हसवड. रथाच्या आधी आईच्या हातात कवळी. एका फेरीत तिन्ही कामं.

खडूची कवळी मी स्वतः कोरतोय. दाढा जमल्यात.

१ डिसेंबर, रविवार, दुपार

सांगली. प्रदर्शनाच्या मांडवाबाहेर बसून लिहितोय.

आई आणि राजेश्वरी सकाळीच लालासाहेबांच्या जीपमधून म्हसवडला गेल्या. आई जीपमध्ये बसताना म्हणाली, तू घिऊन येतुयास न्हवं? मी खिशातल्या खडूच्या कवळीला हात लावून म्हणालो, हो.

मॉडेलपाशी गेलो. मोठा पुठ्ठ्याचा जबडा. थर्मोकोलची लाल जीभ. आणि आईचे दात पक्क्या गोंदाने चिकटवलेले, वरून चकाकीसाठी वॉर्निश. बोट लावून पाहिलं. हलत नाहीत. एकेका दाताला दोरा बांधून बाहेर नावाच्या चिठ्ठ्या : पटाशीचे, सुळे, दाढा.

आमच्याच शाळेची एक मुलगी माहिती द्यायला उभी होती. मला ओळखलं नाही की ओळखूनही पाठ केलेलं सोडवेना, काय माहीत. छडी लावून म्हणाली, या दातांच्या साहाय्याने माणूस अन्नाचे तुकडे करतो. दात नसल्यास माणसास पोषण मिळत नाही व त्याचे उच्चार अस्पष्ट होतात.

मी म्हणालो, बरोबर. आणि नकळत मॉडेलला हात जोडले.

१ डिसेंबर, संध्याकाळ

छापील पत्रिकेत माझं नाव नव्हतं. छापखान्याची चूक असणार. राजनंदिनी मॅडमना भेटलो तेव्हा त्यांनी मला क्षणभर आठवून पाहिलं, मग आठवलं. म्हणाल्या, मध्यंतरात चहाच्या वेळी लावू या का तुमचं? मंडळ रथाला गेलेलं, म्हणजे चारांपैकी तीन वाद्यं म्हसवडला. मी एकटा पेटी घेऊन बसलो. साउंडला मुजीब.

दिवे मंद करा म्हणालो. केले नाहीत, लोक चहा घेत होते. मुजीबने फाइल लावली. ‘प्’. शांतता. ‘फ्फ्’. शांतता. मी पेटीवर अलगद षड्ज धरला. ‘ब’. ‘ब’. मला आमचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. परात, दूध, आईची बोटं. डोळे मिटले.

मध्येच कुणीतरी मुजीबला म्हणालं, वायर हलतेय बघा. मुजीब म्हणाला, वायर न्हाई, आजी हाय. पण त्यानेही सवयीने एकदा वायर हलवून पाहिली. दुसऱ्या कुणीतरी माइकवर टिचकी मारली, हॅलो, हॅलो.

शेवटचा ‘म्म्’ आला. तिथेच राहिला. मी पेटीचा भाता सोडला. डोळे उघडले. लोक बिस्किटं खात होते. राजनंदिनी मॅडम प्रेमाने म्हणाल्या, झालं का टेस्टिंग? मग करा आता सुरुवात.

मी म्हणालो, झालं सगळं.

टेम्पोत सामान भरताना मुजीब म्हणाला, तरी सांगत हुतो मास्तर, ढोल पायजे हुता.

२ डिसेंबर, म्हसवड

रथ पाहिला. गर्दीत आई सापडायला वेळ लागला. देवळाच्या कट्ट्यापाशी माहेरच्या बायकांत बसली होती, पदर नाकापासून खाली पूर्ण तोंडावर. भावजय समोरच. मांडीवर शेंगांची पिशवी.

आईने मला बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं. मग मान खाली घातली. विचारलं नाही. मी सांगणार होतो की मुंबईहून गाडी चुकली. तेही विचारलं नाही, मग सांगणार कुणाला?

भावजय म्हणाली, साळू, तोंड का झाकलंयस गं? आई म्हणाली, धूळ लय हाय. भावजयीने शेंग फोडली, पुढे केली. आईने घेतली. कमरेच्या पिशवीत ठेवली. म्हणाली, पोरासाटी घिऊन जाते.

रथ हलला. गुलाल उडाला. सगळ्यांनी हात वर केले. आईनेही केले. त्यात पदर सुटला. सगळ्यांबरोबर तीही ओरडली. त्या गर्जनेत कुणाला दात आहेत, कुणाला नाहीत, काही कळत नव्हतं.

मोबाइल खिशात होता. काढला नाही. मेमरी फुल्ल होती.

६ डिसेंबर

मॉडेल जिल्ह्यातही पहिलं आलं. राज्य पातळीसाठी निवड. तोपर्यंत सीलबंद पेटीत राहणार. शाळेला फलक लागला.

मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, कवळी बसली का व्यवस्थित? मी म्हणालो, हो, घट्ट बसली. हे तर खरंच आहे.

दुसरी करायला सांगायची, तर पहिलीचं काय झालं ते आधी सांगावं लागेल. डॉक्टरांना, राजेश्वरीला, आईला, मुख्याध्यापकांना. सुरुवात कुणापासून करावी याचा विचार चालू आहे. आईने आणलेली शेंग देवापुढे ठेवलीय. खाववत नाही.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी पूजा झाली.

दुपारी राजेश्वरी म्हणाली, आवं, एवढं महिने म्हातारीच्या मागं मोबाइल घिऊन फिरलासा, तिला कवा ऐकवलंसा का? मी म्हणालो, तिला ते कळणार नाही. ती म्हणाली, आमाला कळलं व्हय? ऐकवा तर.

आई झोपाळ्यावर होती. मोबाइल तिच्या कानाला लावून धरला. ती मन लावून ऐकत राहिली. भुवया वर गेल्या, खाली आल्या. इतकं मन लावून माझं काम आजवर कुणी ऐकलं नव्हतं. शेवटच्या ‘म्म्’ला तिने डोळे मिटले. मला वाटलं, पोचलं.

मग मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाली, कोन म्हातारी हाय रं ही?

मी मोबाइल खिशात घातला.

म्हणाली, तोंडात एक दात न्हाई वाटतं बिचारीच्या. खातानाच कळतंय. जीव नुसता कासावीस झालाय तिचा. हिला कुनी हाय का न्हाई?

मी म्हणालो, मुलगा आहे एक.

म्हणाली, आन् तो काय करतो?

मी म्हणालो, शाळेत असतो.

आईने पायाने झोपाळ्याला एक झोका दिला. मग म्हणाली, शिकल्यालं हाय म्हंजी. कळत नसंल त्याला. तू सांग त्याला.

सांगतो म्हणालो.